इम्युलेटर सुरू होताना तेच काम दोनदा का होतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी नागपुरात धरमपेठेत एकाच्या घरी जमतो आणि इम्युलेटरचा, म्हणजे एका मशीनची नक्कल दुसऱ्या मशीनवर चालवणाऱ्या प्रोग्रामचा, कोड वाचतो. कोणी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कोणी मिहानमधल्या कंपनीत नोकरीला. नवीन कोणी आलं की पहिला पॅच (कोडमधला छोटा बदल) म्हणून मी हेच काम सुचवतो: सुरुवातीला दोनदा होणारं इनिट (सुरुवातीच्या किमती भरणं) शोधा आणि त्यातलं एक काढा. काम दिसायला लहान, पण ते नीट करायचं तर अख्खं मशीन कसं उभं राहतं ते समजून घ्यावं लागतं. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

"दोनदा इनिट" म्हणजे नेमकं काय?

सीरियल पोर्टचं उदाहरण घ्या. त्याची रचना तयार करणारं फंक्शन कॅलॉकने मेमरी घेतं, म्हणजे सगळे बाइट शून्य. लगेच पुढच्या ओळीत कोणीतरी मेमसेट लावून तीच जागा पुन्हा शून्य केली आहे. त्याखाली याच डिव्हाइसचं रीसेट फंक्शन बोलावलं आहे, ते बॉड रेटचं (पोर्टच्या वेगाचं) रजिस्टर, म्हणजे चिपमधली छोटी साठवणीची जागा, शून्य करतं. आणि सगळं मशीन जुळून झाल्यावर मुख्य कोड प्रत्येक डिव्हाइसला एकदा रीसेट करतो, तेव्हा तेच रजिस्टर आणखी एकदा शून्य होतं. एका शून्यासाठी चार हात लागले. त्यातले दोन तरी काढता येतात.

सगळं चालतंय, मग काहून हात लावायचा?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. वेळ वाचतो हे कारण बहुतेक ठिकाणी खरं नसतं. एखादं रजिस्टर दोनदा शून्य केल्याने कोणाचंच काही अडत नाही. खरं कारण मालकीचं आहे. या रजिस्टरची सुरुवातीची किंमत कोण ठरवतं, या प्रश्नाला कोडमध्ये एकच उत्तर असलं पाहिजे. दोन उत्तरं असली की पुढचा माणूस त्यातल्या एकाच ठिकाणी बदल करतो आणि दुसरं ठिकाण तो बदल पुसून टाकतं.

आमच्याकडे हे घडलं आहे. झेड८० या जुन्या प्रोसेसरच्या एका मशीनच्या इम्युलेटरमध्ये "अमुक पत्त्यावरून सुरू कर" असा पर्याय घालायचा होता. ज्याने काम घेतलं, त्याने प्रोसेसर तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये प्रोग्राम काउंटरला (पुढची सूचना कोणत्या पत्त्यावर आहे ते सांगणारं रजिस्टर) तो पत्ता दिला. चालवलं तर सुरुवात शून्यावरूनच. कारण नंतर होणारा रीसेट काउंटर शून्य करत होता, जे झेड८०च्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. मग त्याने रीसेटनंतर, मुख्य फंक्शनमध्ये, पुन्हा तो पत्ता लिहिला. चाललं. मी पॅच मंजूर केला. काही आठवड्यांनी लक्षात आलं की खिडकीतलं रीसेटचं बटण दाबलं की पर्याय हरवतो आणि मशीन शून्यावर जातं. आता काउंटर तीन ठिकाणी लिहिला जात होता आणि तिन्ही ठिकाणी अर्धवट. शोधायला आमचे तीन दिवस गेले. दुरुस्ती मात्र चार ओळींची: पत्ता "रीसेटचा पत्ता" नावाच्या वेगळ्या फील्डमध्ये एकदाच ठेवायचा, आणि काउंटरला हात लावायचा अधिकार फक्त रीसेट फंक्शनला द्यायचा. बाकी दोन्ही ओळी काढल्या.

काय कुठे ठेवायचं, हे कसं ठरवायचं?

मार्चमध्ये आपल्याकडे घरोघरी कूलर बाहेर निघतात. ताट्या बदलणं, टाकी घासणं, पंप तपासणं हे हंगामातून एकदा. वायर जोडून खिडकीत बसवणं हेही एकदा, पण ते ताट्या लावल्यानंतर. पाणी भरणं मात्र रोज. रोज पाणी भरणाऱ्याने ताट्यांना हात लावायचा नसतो, आणि ताट्या बदलणाऱ्याने टाकी भरून ठेवली तरी दुसऱ्या दिवशी भरावीच लागते.

इम्युलेटरमध्येही हेच तीन टप्पे आहेत. निर्मितीत मेमरी घेणं, न बदलणाऱ्या गोष्टी मांडणं. जोडणीत इंटरप्टची (प्रोसेसरचं लक्ष वेधणाऱ्या सिग्नलची) तार, घड्याळ, बस यांच्याशी नातं जुळवणं. आणि रीसेटमध्ये गेस्टला (इम्युलेटरच्या आत चालणाऱ्या प्रणालीला) दिसणाऱ्या रजिस्टरांची सुरुवातीची किंमत. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये लोकांसमोर आणलेल्या क्यूईएमयू या इम्युलेटरमध्ये आज हे टप्पे वेगवेगळ्या फंक्शनांत बसवलेले आहेत, आणि रीसेटचेही पुन्हा तीन भाग आहेत: एंटर, होल्ड आणि एक्झिट. एंटरमध्ये डिव्हाइसने फक्त स्वतःची स्थिती बदलायची, शेजाऱ्याला हात लावायचा नाही; इंटरप्टची तार खाली ओढण्यासारखी, दुसऱ्याला जाणवणारी कामं होल्डमध्ये. एवढा काटेकोरपणा कशाला, असं पहिल्यांदा वाटतं. पण जोडणी होण्याआधीच रीसेट बोलावणारा कोड एकदा दुरुस्त केला की पटतं: तार जोडलेलीच नाही आणि कोड ती खाली ओढतोय.

स्वतःला विचारायचा प्रश्न सोपा आहे. रीसेटचं बटण दाबल्यावर ही किंमत पुन्हा अशीच व्हायला हवी का? हो असेल तर तिची जागा रीसेटमध्ये, आणि फक्त तिथेच.

पॉवर-ऑन आणि रीसेट एकच ना? मग दोन्ही बोलावले तर काय बिघडलं?

एक नाहीत, आणि इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण "दोनदा केलं तरी परिणाम तोच" हा समज इथेच मोडतो.

६५०२ प्रोसेसर पाहा. रीसेट झाल्यावर तो एफएफएफसी आणि एफएफएफडी या हेक्स पत्त्यांवरून सुरुवातीचा पत्ता वाचतो. त्याआधी तो इंटरप्टच्या वेळी जशी तीन बाइट स्टॅकवर टाकतो तशीच हालचाल करतो, फक्त प्रत्यक्ष लिहीत नाही. त्यामुळे स्टॅक पॉइंटर, म्हणजे स्टॅकमधली चालू जागा दाखवणारं रजिस्टर, तीनने कमी होतो. याच घराण्यातला प्रोसेसर निन्टेंडोच्या एनईएस या गेम कन्सोलमध्ये आहे. तिथे वीज आल्यावर स्टॅक पॉइंटर एफडी दिसतो, म्हणजे शून्यातून तीन वजा (एका बाइटमध्ये शून्याच्या खाली गेलं की मोजणी एफएफवरून खाली येते). नंतर रीसेटचं बटण दाबलं की आहे त्यातून आणखी तीन वजा. ए, एक्स, वाय रजिस्टरं आणि २ केबी रॅम रीसेटने बदलत नाहीत.

आता समजा तुमच्या पॉवर-ऑन फंक्शनने स्टॅक पॉइंटर एफडी केला आणि "कशाला धोका" म्हणून शेवटी रीसेटही बोलावला. स्टॅक पॉइंटर झाला एफए. बहुतेक खेळ स्वतःच सुरुवातीला स्टॅक पॉइंटर ठरवतात, त्यामुळे महिनोन्‌महिने काहीच दिसणार नाही. पण नेसटेस्ट या चाचणीचा प्रसिद्ध लॉग पहिल्याच ओळीत एफडी सांगतो, आणि तुमचा लॉग पहिल्याच ओळीत चुकतो.

म्हणून एखादं इनिट "जास्तीचं" ठरवण्याआधी तपासा: हे काम एकदा केलं काय आणि दहादा केलं काय, फळ तेच येतं का? येत असेल तर ते फक्त जास्तीचं आहे. येत नसेल तर ती चूक आहे, आणि कमिटमध्येही (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलातही) तिला चूक असंच म्हणा, साफसफाई म्हणू नका.

झेड८०मध्येही असंच. रीसेटने प्रोग्राम काउंटर, आय आणि आर रजिस्टरं शून्य होतात, इंटरप्ट बंद होतात, मोड शून्यावर येतो. बाकी रजिस्टरं रीसेटमध्ये शून्य करणारा कोड दिसला तर तो हार्डवेअरच्या सांगण्यावरून लिहिलेला नाही, लिहिणाऱ्याने सोय म्हणून लिहिला आहे.

गेस्टची रॅम सुरुवातीला मेमसेटने शून्य करणं तरी आवश्यक आहे ना?

लिनक्सवर एममॅप या सिस्टम कॉलने घेतलेली अनामिक (कुठल्या फाइलशी न जोडलेली) मेमरी कर्नल शून्य करूनच देतो. पण खरं तर तो ती लगेच देतच नाही. फक्त वचन देतो. ज्या पेजवर (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यावर) तुम्ही पहिल्यांदा लिहाल, त्या क्षणी पेज फॉल्ट होतो आणि खरी मेमरी मिळते. १ जीबी रॅमचा गेस्ट असेल आणि पेज ४०९६ बाइटचं असेल, तर ती २,६२,१४४ पेजं झाली. मेमसेट त्या प्रत्येक पेजवर शून्य लिहितो, जिथे शून्यच दिसणार होतं. गेस्टला प्रत्यक्षात पन्नास एमबी लागणार असली तरी होस्टची (तुमच्या खऱ्या मशीनची) पूर्ण १ जीबी अडकते. २ एमबीची मोठी पेजं मिळाली तर फॉल्ट ५१२ वर येतात, पण मेमरी तेवढीच अडकते.

फक्त वेळेसाठी काढावं असं जास्तीचं इनिट मला क्वचितच दिसतं. हे त्यातलं एक. ८ जीबीच्या लॅपटॉपवर दोन-तीन गेस्ट चालवणाऱ्या विद्यार्थ्याला याचा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो.

मात्र मेमरी मॅलॉकने घेतली असेल तर तिच्यात आधीच्या वापराचा कचरा असू शकतो. तिथे मेमसेट काढायचा असेल तर मॅलॉकच्या जागी कॅलॉक घाला. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा कॅलॉक मोठी मेमरी थेट एममॅपने आणतो तेव्हा स्वतःहून शून्य लिहायच्या फंदात पडत नाही. जागतिक आणि स्टॅटिक व्हेरिएबल्स शून्यापासून सुरू होतात, ही तर सी भाषेची हमी आहे. फंक्शनमधली स्थानिक व्हेरिएबल्स तशी नसतात. त्यांचं इनिट "जास्तीचं" म्हणून काढायला जाऊ नका.

कंपायलर हे आपोआप काढत नाही का?

एकाच फंक्शनमध्ये, मध्ये काही न घडता, तीच जागा दोनदा लिहिली असेल तर पहिलं लिखाण बहुधा काढतो. पण आपल्याकडची दोन लिखाणं दोन फाइलींत असतात, मध्ये फंक्शन पॉइंटरमधून उडी असते, कधी सिस्टम कॉल असतो. तिथे कंपायलरचे हात बांधलेले असतात.

फॉन्ट आणि रॉम प्रत्येक रीसेटला पुन्हा भरायचे का?

चिप-८ या जुन्या, साध्या आभासी मशीनचा इम्युलेटर लिहिणारा प्रत्येक जण इथे अडखळतो. तिथे मेमरी ४०९६ बाइट, प्रोग्राम ५१२ पासून, आणि त्याखालच्या जागेत सोळा अक्षरांचा फॉन्ट, प्रत्येकी ५ म्हणजे ८० बाइट. फॉन्ट एकदा भरला की झालं, असं वाटतं. पण प्रोग्राम त्या जागेवरही लिहू शकतो. तेव्हा रीसेटला फॉन्ट पुन्हा भरणं आवश्यक आहे, जास्तीचं नाही.

उलट, गेस्टला जी जागा लिहिताच येत नाही, ती पुन्हा भरण्यात अर्थ नाही. क्यूईएमयूचा रॉम भरणारा कोड हे फार सुरेख करतो: प्रत्येक रीसेटला तो फर्मवेअरची प्रत मेमरीत टाकतो, पण ती जागा खरोखर फक्त वाचण्याची असेल तर पहिल्या वेळेनंतर आपल्याजवळची प्रत सोडूनच देतो. पुन्हा लिहायला त्याच्याजवळ काही उरतच नाही. ते फंक्शन आम्ही नवीन माणसाला मोठ्याने वाचून दाखवतो.

गेमबॉयचं बूट रॉम चालवतो आणि रजिस्टरांना किमतीही देतो. चालेल?

दोन्हींपैकी एक ठेवा. बूट रॉम २५६ बाइटचं असतं; तेच व्हिडिओ मेमरी पुसतं, बोधचिन्ह खाली सरकवतं आणि शेवटी प्रोग्राम काउंटर हेक्स ०१०० वर आणून सोडतं. ते चालवत असाल तर सुरुवात शून्यावरून. चालवत नसाल तरच ए-एफमध्ये ०१बी०, स्टॅक पॉइंटर एफएफएफई वगैरे तयार किमती भरा. दोन्ही एकाच फंक्शनमध्ये दिसले तर अटीची एक ओळ घाला.

जास्तीचं इनिट शोधायचं कसं?

आधी हाताने. एक कागद घ्या, डिव्हाइसच्या प्रत्येक फील्डपुढे कोणतं फंक्शन त्यात लिहितं ते लिहा. दोन नावं आली की थांबा.

मग डीबगर. जीडीबीमध्ये त्या फील्डवर हार्डवेअर वॉचपॉइंट लावा आणि पहिली गेस्ट सूचना चालेपर्यंत किती वेळा थांबतो ते मोजा. एक्स८६वर असे पत्ते चारच ठेवता येतात, म्हणून थोडे-थोडे करून पाहा. प्रत्येक थांब्याला बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनांतून इथे आलो त्याची यादी) जपून ठेवा. तोच पुढे कमिट संदेशात उपयोगी पडतो.

आणि माझी सगळ्यात आवडती युक्ती: विष भरणं. ज्या इनिटबद्दल शंका आहे ते काढू नका. त्याच्या जागी शून्याऐवजी हेक्स ए५ भरा. दुसरं इनिट खरोखर सगळं पुन्हा लिहीत असेल तर काहीही बदलणार नाही. काही बदललं, तर त्या पहिल्या शून्यावर कोणीतरी विसंबून आहे आणि ते कोण, हे आता कळेल. नुसती ओळ काढून पाहिली तर कर्नलने दिलेलं ताजं शून्य तुमची चूक झाकून ठेवतं, आणि एखाद्या वेगळ्या मशीनवर ती बाहेर येते. व्हॅलग्राइंडचा मेमचेकही जोडीला चालवा, पण कॅलॉकने घेतलेली मेमरी त्याच्या लेखी "भरलेली" असते, त्यामुळे विषाची जागा तो घेऊ शकत नाही.

मी निर्मितीमधला रीसेट काढला, मशीन नीट सुरू झालं. पण नंतर जोडलेलं डिव्हाइस बिघडलं. असं का?

कारण मशीनचा सुरुवातीचा रीसेट एकदाच होतो, आणि मशीन चालू असताना जोडलेलं डिव्हाइस त्या वेळी तिथे नव्हतंच. त्याला कोणी रीसेट केलंच नाही. क्यूईएमयूचा मूळ डिव्हाइस-कोड ही परिस्थिती ओळखतो आणि हॉटप्लग झालेल्या डिव्हाइसचा रीसेट स्वतः करतो. तुमच्या इम्युलेटरमध्ये अशी सोय नसेल तर आधी ती करा, मग ओळ काढा. क्रम उलटा झाला तर मधल्या कमिटवर बायसेक्ट करणाऱ्याला, म्हणजे दोष कोणत्या कमिटने आला ते शोधणाऱ्याला, मोडकं मशीन मिळतं.

अशाच आणखी दोन वाटा तपासा. यूजर मोड इम्युलेशनमध्ये मशीनच नसतं, एकटा प्रोसेसर असतो. तिथे मशीनच्या रीसेटवर भिस्त ठेवता येत नाही. आणि स्नॅपशॉट: आधी रीसेट, मग जतन केलेली स्थिती भरणं, हाच क्रम हवा. स्थिती भरल्यावर "सुरक्षिततेसाठी" बोलावलेला रीसेट म्हणजे सापडलेलं पुन्हा हरवणं.

केव्हीएमसोबत काही वेगळं?

हो. केव्हीएम म्हणजे लिनक्स कर्नलची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय. इथे प्रोसेसरच्या स्थितीचे दोन धनी आहेत: कर्नल आणि तुमचा प्रोग्राम. एक्स८६वर व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी प्रोसेसर) तयार होतानाच कर्नल त्याला रीसेटच्या किमती देतो, आणि मग तुमचा प्रोग्राम आयओसीटीएल या सिस्टम कॉलने पुन्हा देतो. यातलं प्रोग्रामचं लिखाण ठेवायचं, कारण दुसऱ्यांदा होणारा रीसेट कर्नलला आपोआप कळत नाही. आर्मवर तर इनिटचा आयओसीटीएल पुन्हा केला की व्हीसीपीयू रीसेट होतो, म्हणून तो सवयीने दोनदा करू नका.

क्यूईएमयूने कर्नलकडे स्थिती पाठवण्याचे तीन दर्जे केले आहेत: चालू असतानाची, रीसेटची आणि पूर्ण. काही एमएसआर (प्रोसेसरची खास रजिस्टरं) लिहिल्याने गेस्टवर परिणाम होतो किंवा ते लिहिणं जड असतं, म्हणून ते फक्त शेवटच्या दोन दर्जांना लिहिले जातात. "काय, केव्हा लिहायचं" हा आपला प्रश्न तिथे थेट कोडमध्ये मांडलेला सापडतो.

सुरू होण्याचा वेळ मोजला तर प्रत्येक वेळी वेगळा येतो. काय चुकतंय?

महिना कोणता? मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना दुपारी लॅपटॉपवर मोजलेल्या वेळांवर मी विश्वास ठेवत नाही. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि तुमचा पॅच लावलेला बिल्ड नेहमी दुसरा मोजला जात असेल तर चांगला पॅचही वाईट दिसतो. सकाळी लवकर मोजा. जुना आणि नवा बिल्ड आलटून-पालटून चालवा. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की मोजणी थांबवा, कारण तेव्हाही वेग बदलतो. सरासरीपेक्षा मधली किंमत पाहा.

त्याहून भरवशाचं म्हणजे वेळ न मोजता कामं मोजणं. पर्फने पेज फॉल्ट, एसट्रेसने सिस्टम कॉल. हे आकडे उन्हाने बदलत नाहीत.

कमिट संदेशात काय लिहू?

एका कमिटमध्ये एकच ओळख पटलेलं इनिट काढा. संदेशात "जास्तीचा कोड काढला" एवढंच लिहिलं तर मी पॅच परत करतो. तीन गोष्टी लिहा: हेच काम आता कोण करतं, ते कोणत्या वाटेने नक्की बोलावलं जातं, आणि हॉटप्लग, स्नॅपशॉट, रीसेटचं बटण यांपैकी काय-काय चालवून पाहिलं. "वर्तनात बदल नाही" हे वाक्य या तिन्ही गोष्टी लिहिल्यानंतरच लिहायचं. ओळ मुळात का आली होती तेही गिट ब्लेमने पाहून घ्या. कित्येकदा ती लिहिली तेव्हा आवश्यकच होती. मशीनचा एकत्र रीसेट नंतर आला आणि जुनी ओळ तशीच राहिली. लिहिणाऱ्याला दोष देण्यासारखं त्यात काही नसतं, आणि संदेशातही ते तसंच दिसू द्या.

रविवारी येताना काय आणू?

एखादं लहान डिव्हाइस निवडा, टायमर किंवा सीरियल पोर्ट, तीनशे ओळींच्या आतलं. त्याच्या फील्डांचा वर सांगितलेला कागद भरून आणा, अर्धवट असला तरी चालेल. लॅपटॉप चार्ज केलेला असावा. उन्हाळ्यात आम्ही साडेसातला बसतो, तर्री पोहे साडेआठला येतात, आणि दहाच्या आत उठतो.